थंड पाण्यातला कार्प : इंग्लंडमधल्या हिवाळी स्पर्धांचा आढावा

कार्प हा उन्हाळ्याचा मासा, ही समजूत इंग्लंडमधल्या गरवणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या पक्की होती. थंडी पडली की तो तळाशी चिखलाला लागून पडून राहतो, वसंतात पुन्हा हालचाल करू लागतो, मधल्या काळात त्याच्या नादाला लागण्यात अर्थ नाही, असं जुनी मंडळी सांगत. आज त्याच देशात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर शनिवार-रविवारी, आणि आठवड्याच्या मधल्या वारीसुद्धा, कार्पच्या स्पर्धा भरतात. पाण्याचं तापमान ४-५ अंश सेल्सिअस, काठाशी बर्फाचा पातळ पापुद्रा, दिवसाचा उजेड जेमतेम आठ तास, आणि तळ्याभोवती आपापल्या पेटीवर पाच तास बसून राहिलेली तीस-चाळीस माणसं.

या स्पर्धांनी जे प्रश्न उभे केले, त्यांपैकी काही जीवशास्त्राचे आहेत, काही डावपेचांचे आणि काही न्यायाचे. इतक्या थंडीत कार्प खरोखर खातो का? चारा टाकून त्याला बोलवावं की आमिष घेऊन त्याच्याकडे जावं? मासे तळ्याच्या एका कोपऱ्यात गोळा झालेले असताना चिठ्ठी टाकून जागा वाटणारी स्पर्धा नेमकं काय मोजते? आणि थंडीने मंदावलेल्या माशाला पकडून तासन्‌तास जाळीत ठेवणं कितपत योग्य? हे प्रश्न सहसा वेगवेगळे चर्चिले जातात. मला मात्र त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते : थंडीत मासे पांगलेले नसतात, आणि ते कुठे आहेत यावर बाकीचं बरंच काही ठरतं.

मासा आपल्याला परका नाही. महाराष्ट्रातल्या जलाशयांत आणि शेततळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांच्या सोबतीने जो ‘कॉमन कार्प’ किंवा नुसता ‘सायप्रिनस’ सोडला जातो, तोच हा. भारतात त्याची एक जात १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आली, दुसरी १९५७ साली बँकॉकहून कटकला. मुंबईत पवईच्या तलावावर गळाने मासे धरणाऱ्यांची जुनी संस्था आहे, तिथल्या मंडळींना गळाला लागलेल्या कार्पवर्गीय माशाची ओढ चांगली ठाऊक आहे. पण आपल्याकडच्या तलावांचं पाणी जानेवारीतही क्वचितच १५ अंशांखाली जातं. इंग्लंडमधला हा वाद त्याच्याही बराच खाली सुरू होतो.

पार्श्वभूमी

कार्प इंग्लंडचा मूळचा रहिवासी नव्हे. मध्ययुगाच्या अखेरीस तो युरोप खंडातून तिथे आला. डेम जुलियाना बर्नर्स यांच्या नावावर असलेल्या, १४९६ साली छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या पुस्तिकेत तो देशात विरळा असल्याचा उल्लेख आहे. १६५३ च्या ‘द कम्प्लीट अँगलर’मध्ये आयझॅक वॉल्टनने त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं. पण गळाला सहजी न लागणारा मासा ही त्याची ख्याती विसाव्या शतकापर्यंत टिकली. सप्टेंबर १९५२ मध्ये रिचर्ड वॉकरने रेडमायर तळ्यावर ४४ पौंडांचा कार्प धरला, तेव्हा या माशाचा पद्धतशीर विचार करता येतो हे लोकांना पटलं. वॉकर पेशाने अभियंता होता. त्याने घडवलेलं ‘आर्लसी बॉम्ब’ हे नासपतीच्या घाटाचं वजन आजच्या हिवाळी स्पर्धांतल्या ‘बॉम्ब’चा पूर्वज आहे.

स्पर्धांची परंपरा मात्र कार्पभोवती वाढलेली नाही. सामन आणि ट्राउट हे जमीनदारांचे मासे. बाकीचे रोच, ब्रीम, पर्च वगैरे ‘कोर्स’ मासे गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांचे. शेफील्डचे खासदार मुंडेला यांच्या पुढाकाराने १८७८ साली या माशांसाठीही बंदीचा काळ ठरला : १५ मार्च ते १५ जून. १९०६ साली थेम्सवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. हिवाळ्यात नद्यांवर आणि कालव्यांवर स्पर्धा तेव्हाही होत, पण त्या रोचसाठी, बारीक गरी आणि बारीक आमिष घेऊन.

चित्र पालटलं ते १९८० आणि १९९० च्या दशकांत. शेतीतून पुरेसं उत्पन्न न मिळणाऱ्या अनेकांनी जमिनीत तळी खोदली, त्यांत कार्प दाटीने सोडले आणि दिवसाच्या तिकिटावर ती लोकांना खुली केली. यांना सर्रास ‘कमर्शियल’ म्हणतात. बरीचशी नागमोडी, कालव्यासारखी अरुंद असतात, म्हणजे १३ मीटरच्या पोलने (रीळ नसलेल्या लांब काठीने) समोरच्या काठापर्यंत पोचता येतं. वॉरविकशायरमधलं टनेल बार्न फार्म, चेशरमधली पार्ट्रिज लेक्स, डॉनकॅस्टरजवळची लिंडहोम लेक्स, हॅम्पशायरमधलं गोल्ड व्हॅली ही नावं स्पर्धकांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. १९९४ साली ‘फिश ओ मेनिया’ ही दूरचित्रवाणीवरची स्पर्धा सुरू झाली आणि कमर्शियलवरच्या कार्पला प्रतिष्ठा मिळाली. १९९५ साली बहुतेक बंदिस्त पाण्यांवरचा बंदीकाळही उठला. तळ्याचा मालक आता बारा महिने तिकिटं विकू शकत होता. उन्हाळ्यात गर्दी आपोआप होते. हिवाळ्यात तळं चालतं ते स्पर्धांवर आणि लीगवर. हिवाळी कार्पच्या प्रश्नाला इतकं महत्त्व येण्यामागे हे साधं अर्थकारण आहे.

थंडीत माशाच्या शरीरात काय होतं

मासा थंड रक्ताचा. पाणी जितकं थंड, तितकं त्याचं शरीर थंड आणि तितक्याच सावकाश त्याच्या सगळ्या क्रिया. ढोबळमानाने १० अंश तापमान उतरलं की चयापचयाचा वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. कार्पला खरं जठरही नसतं. घशातल्या दातांनी चिरडलेलं अन्न थेट आतड्यात जातं. थंडीत ते तिथे खूप वेळ रेंगाळतं, त्यामुळे पुन्हा खाण्याची गरजच लवकर पडत नाही. इथपर्यंत शास्त्रज्ञ आणि स्पर्धक यांच्यात मतभेद नाही.

पुढे मात्र गुंता आहे. कार्प थंडीला नुसता शरण जात नाही, जुळवूनही घेतो. लिव्हरपूल विद्यापीठात अँड्रयू कॉसिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की पाणी थंड झालं की कार्पच्या यकृतात एक विशिष्ट विकर वाढतं. त्यामुळे पेशींच्या पटलातल्या स्निग्धांशाची घडण बदलते आणि पटलं थंडीतही लवचिक राहतात. स्नायूंतली प्रथिनंही काही आठवड्यांत बदलतात. म्हणजे नोव्हेंबरातला ६ अंशांचा कार्प आणि फेब्रुवारीतला ६ अंशांचा कार्प शरीराने एक नसतात.

स्पर्धकांचा अनुभव याच्याशी जुळतो. पाणी पंधरा दिवस ४-५ अंशांवर स्थिर असेल तर मासे बऱ्यापैकी लागतात; तेच पाणी दोन रात्रींत ९ वरून ५ वर आलं तर तळं मेल्यासारखं होतं, असं जवळजवळ प्रत्येक हिवाळी स्पर्धक सांगतो. आकड्यापेक्षा आकडा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो आहे ते बघा, हे त्यांचं सूत्र. ते पटण्यासारखं आहे, पण सिद्ध झालेलं नाही. कॉसिन्स यांच्याच गटाने पुढे केलेल्या मोठ्या प्रयोगात कार्प ३० अंशांवरून थंड करत १० अंशांपर्यंत नेले होते. प्रयोगशाळेची थंडी जिथे संपते, तिथून स्पर्धेची थंडी सुरू होते. ३ ते ७ अंशांच्या पट्ट्यात, दाटीने पाळलेल्या तळ्यात कार्प दिवसात किती वेळा तोंड उघडतो, हे मोजणारं काम फारच थोडं आहे.

पाण्याचा स्वतःचा स्वभावही यात येतो. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून खोल तलावात वर बर्फ असलं तरी तळाशी ४ अंशांचं पाणी टिकतं. जुन्या पुस्तकांतला ‘हिवाळ्यात खोल पाणी गाठा’ हा सल्ला यातूनच आला. पण कमर्शियल तळी बहुधा दीड-दोन मीटरच खोल. तिथे वारा सगळं पाणी ढवळतो आणि तळसुद्धा ४ च्या खाली जाऊ शकतो. अशा तळ्यात खोलीपेक्षा वाऱ्याचा आडोसा, लव्हाळ्याची रांग, बेटाची उन्हाकडची बाजू यांना जास्त मोल येतं. जुना सल्ला चुकीचा नव्हता. तो वेगळ्या पाण्यासाठी होता.

घोळका

हिवाळी कार्पबद्दलचं सगळ्यांत भक्कम ज्ञान आलं ते खेळाशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून. अमेरिकेत कार्प हा उपद्रवी परका मासा मानला जातो. तो तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि पाणवनस्पती मारतो. मिनेसोटातले संशोधक प्रझेमिस्लाव बायर आणि पीटर सोरेन्सन यांनी काही कार्पमध्ये रेडिओ-प्रक्षेपक बसवून ते तलावांत परत सोडले. पाणी थंड होत गेलं तसे हे मासे एकमेकांजवळ येत गेले आणि बर्फाखाली त्यांचे दाट घोळके झाले. प्रक्षेपकवाल्या माशांच्या खुणेवर बर्फाखालून जाळं ओढलं, तर तलावातल्या एकूण कार्पपैकी निम्म्याहून अधिक एका फटक्यात हाती येत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फितूर माशाच्या मागावर जाण्याच्या या पद्धतीला ‘जुडास’ असं नाव दिलेलं आहे.

इंग्लिश तळी या तलावांपेक्षा खूप लहान आणि खूप दाट आहेत, तेव्हा हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी स्पर्धक वर्षानुवर्षं जे सांगत होते त्याला इथे भक्कम आधार मिळतो. हिवाळ्यात तळ्याचा मोठा भाग रिकामा असतो आणि थोडा भाग भरलेला.

घोळके कशामुळे होतात, यावर मात्र एकमत नाही. काहींच्या मते तापमान हेच कारण. काही जण पाणकावळ्यांकडे बोट दाखवतात. हे पक्षी हिवाळ्यात मोठ्या संख्येने समुद्रकिनारा सोडून आत येतात, आणि याच दिवसांत शेवाळ मरून पाणी नितळ होतं. मासे मग आडोसा सोडत नाहीत. तिसरं मत असं की घोळका थंडीने होतो, पण तो कुठे थांबायचा ते भीती ठरवते. माणसांच्या पावलांचा आवाज आणि पाण्यावर ताणलेले तंगूस यांचीही त्यात भर पडते. मला हे तिसरं मत अधिक पटतं, कारण एकाच तापमानाला शांत मंगळवारी आणि गजबजलेल्या रविवारी मासे वेगळ्या जागी सापडतात, हे तळ्यांचे मालकच सांगतात.

चारा, की नुसतं आमिष?

डावपेचांचा वाद इथूनच सुरू होतो. उन्हाळ्यातल्या स्पर्धेत चारा हे मुख्य हत्यार : पेलेट, मका, भिजवलेला भुगा सतत टाकत राहायचं, मासे एकमेकांशी चढाओढ करत खातात. जिंकायला १०० पौंड, कधी त्याच्या दुपटीने लागतात. हिवाळ्यात त्याच तळ्यावर तीस-चाळीस पौंडांत, वाईट दिवशी दोन-चार माशांतही पहिला नंबर येऊ शकतो. दोन-चार मासे पकडायचे असतील तर चारा मदत करतो की घात?

एका बाजूचं म्हणणं सरळ आहे. टाकलेला चारा परत काढता येत नाही. ज्या माशाला दिवसात दोन घास पुरतात, त्याच्यापुढे तीस घास टाकले तर आपल्या गरीवरचा घास तो उचलण्याची शक्यता आपणच घटवली. म्हणून अजिबात चारा न टाकता माशाला शोधत जायचं. या विचाराचं सर्वांत शुद्ध रूप म्हणजे पोलवर ब्रेड ‘डॉब’ करणं. साध्या पांढऱ्या पावाची स्लाइस घ्यायची, लाटण्याने थोडी दाबायची आणि पितळी पंचने तिच्यातून ६ ते १० मिलिमीटरची चकती काढायची. चकती गरीवर बसते, पाण्यात फुगून तिच्या दुप्पट होते आणि नितळ पाण्यात लांबून पांढरी दिसते. पोल पुढे सरकवत ती समोरच्या लव्हाळ्याच्या कडेशी, पाण्याच्या मधोमध लटकवायची. पाच मिनिटं. काही नाही, तर अर्धा मीटर डावीकडे. तरीही नाही, तर फ्लोट वर-खाली करून खोली वीतभर बदलायची. घोळका तळाला असेलच असं नाही. थंड पण उन्हाच्या दुपारी तो अधांतरी थांबतो, आणि तळावर आमिष ठेवून बसलेला माणूस त्याच्या खालून मासे धरायचा प्रयत्न करत राहतो. पहिला मासा लागला की त्याला घाईने, पण गाजावाजा न करता घोळक्यापासून बाजूला ओढायचं, आणि चकती पुन्हा त्याच ठिकाणी, त्याच खोलीवर. कधी अर्ध्या तासात आठ-दहा मासे येतात, मग घोळका सरकतो आणि शोध पुन्हा सुरू.

लांबच्या पाण्यात हेच काम बॉम्बने होतं. साधं वजन, त्याच्यापुढे पाऊण-एक मीटरचा बारीक दोरा आणि टोकाला ब्रेडच्या चार-पाच चकत्यांची चवड. वजन तळाला बसतं, ब्रेड तरंगत वर उठतो. (२८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं इंग्लंडमध्ये १९८७ पासून बंद आहेत, त्यामुळे हलके बॉम्ब दुसऱ्या धातूचे असतात.) काठीचा शेंडा डोळ्यांत तेल घालून पाहायचा. मासा घास घेतो तेव्हा शेंडा वाकतो. पण त्याआधी तो कधी कधी नुसता थरथरतो, म्हणजे एखाद्या माशाचं अंग दोऱ्याला घासलं. हिवाळ्यात ही थरथर फार मोलाची, कारण घास लागला नाही तरी मासे आहेत एवढं कळतं.

दुसरी बाजू म्हणते की हे सगळं खरं, पण अपुरं. शोधायला मासे आपल्या हद्दीत असावे लागतात. ते नसतील तर त्यांना आणणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे चारा. तो मूठभर नको. सहा-आठ पेलेट, मक्याचे दहा दाणे, किंवा फीडरमध्ये (दोऱ्याला लावलेल्या चाऱ्याच्या छोट्या पिंजऱ्यात) चिमूटभर अळ्या. एक जागा ठरवायची, तिथे अगदी थोडं टाकून दोन-तीन तास हात लावायचा नाही, आणि उजेड कलायच्या आधीच्या शेवटच्या तासात तिथे जायचं. हिवाळ्यातल्या अनेक स्पर्धा दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान उलटतात, हा या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा. अळ्यांच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद आहे : त्यांच्यामुळे आधी बारीक मासे जमतात, आणि त्यांची चाहूल लागून कार्प येतो. त्यावर विरोधकांचं उत्तर तयार असतं. बारीक माशांनी आमिष कुरतडलं तर कार्पसाठी उरणार काय?

दोन्ही बाजू आपापल्या निकालांचे दाखले देतात, आणि इथे मला खरी अडचण दिसते. स्पर्धेचा निकाल म्हणजे प्रयोग नव्हे. विजेत्याने ब्रेड वापरला म्हणून ब्रेड जिंकला, असं ठरत नाही; घोळका त्याच्यासमोर होता म्हणून कदाचित काहीही चाललं असतं. शिवाय जो मासे लागत नाहीत म्हणून मुकाट चारा टाकत बसला आणि हरला, त्याची पद्धत कोणी लिहून ठेवत नाही. पाण्याखालच्या चित्रीकरणाने थोडा उजेड पाडला आहे : कार्प आमिष तोंडात घेऊन, वर काठीला काही कळायच्या आत बाहेर टाकतो, असं त्यात वारंवार दिसतं. म्हणजे ‘मासे खात नाहीत’ असं आपण म्हणतो, त्यातल्या काही वेळा ते खात असतात आणि आपल्याला दिसत नसतं. पण अशी चित्रणं बहुतेक उबदार दिवसांतली आहेत.

जाणत्या स्पर्धकांचं आजचं वागणं या दोन टोकांच्या मधलं आहे. पहिला दीड-दोन तास चाऱ्याविना शोध, त्याच वेळी एका कोपऱ्यात थोडा चारा ‘शेवटासाठी’ ठेव म्हणून. वाद मिटला म्हणून ते असं करत नाहीत. तो मिटेपर्यंत दोन्हीकडे पाय ठेवलेला बरा म्हणून करतात.

चिठ्ठी

सकाळी पिशवीत हात घालून नंबर काढायचा, त्या नंबरच्या पेगवर, म्हणजे काठावरच्या ठरलेल्या जागेवर, जाऊन बसायचं. इंग्लिश स्पर्धेचा हा पाया आहे. उन्हाळ्यात मासे सगळीकडे फिरतात, तेव्हा चांगल्या-वाईट पेगमधला फरक कसबाने भरून काढता येतो. हिवाळ्यात घोळका पेग १७ समोर असेल, तर पेग ३ वरचा माणूस कितीही कसबी असला तरी काय करणार?

चिठ्ठीची बाजू घेणारे म्हणतात की नशीब एका दिवसाचं असतं, हंगामाचं नसतं. प्रत्येकाला कधी चांगला, कधी वाईट पेग मिळतो आणि शेवटी तीच ती नावं वर येतात. जागतिक स्पर्धेतही जागा चिठ्ठीनेच ठरतात. तरी अ‍ॅलन स्कॉथॉर्न पाच वेळा आणि बॉब नड चार वेळा वैयक्तिक विजेते झाले. शिवाय वाईट पेगवर एक मासा मिळवणं हेही कसब आहे, आणि गुणांवर चालणाऱ्या स्पर्धेत त्या एका माशाला किंमत येते.

विरोधकांचं म्हणणं असं की जागतिक स्पर्धा बारीक माशांच्या आणि बऱ्यापैकी समान पाण्यांच्या असतात. हिवाळी कमर्शियलवर दोन पेगमधली तफावत त्याहून कितीतरी मोठी. बक्षिसाची रक्कम स्पर्धकांच्याच खिशातून जमते, म्हणजे वीस माणसं तीन पेगांसाठी पैसे भरतात. याने नवखे स्पर्धक हिवाळ्यात येईनासे होतात, ही आयोजकांची तक्रार रास्त आहे.

उपाय बरेच करून झाले. तळ्याचे सेक्शन पाडून प्रत्येकात वेगळं बक्षीस. वजनाऐवजी सेक्शनमधल्या क्रमांकाचे गुण. सहा फेऱ्यांतल्या सर्वोत्तम चार धरणं. दोघांची जोडी करून त्यांना तळ्याच्या दोन टोकांना बसवणं. रोच-स्किमर अशा ‘सिल्व्हर’ माशांचं स्वतंत्र बक्षीस ठेवणं. यांतल्या गुणांच्या पद्धतीने सर्वांत जास्त काम केलं, असं माझं मत आहे. एक उपाय मात्र उलटला. स्पर्धकांना तळ्याच्या चांगल्या अर्ध्यात जवळजवळ बसवलं की पहिल्या तासातच मासे रिकाम्या अर्ध्याकडे सरकतात, आणि रिकाम्या पाण्याला लागून असलेला शेवटचा पेग जिंकतो. समान संधीसाठी केलेल्या मांडणीने नवीन विषमता तयार केली. यावर सर्वमान्य तोड अजून निघालेली नाही.

एफ-वन

तळ्यांच्या मालकांनी प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. मासा थंडीत खात नसेल, तर खाणारा मासा सोडा. कॉमन कार्पचा क्रुशियन किंवा गोल्डफिशशी संकर करून तयार होणारा ‘एफ-वन’ हा मध्यम आकाराचा मासा कार्प थांबतो त्या थंडीतही खात राहतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. क्रुशियनची थंडी सोसण्याची ताकद अचाट आहे. बर्फाखाली प्राणवायू संपला तर तो शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि महिनोन्‌महिने जगतो. ही ताकद संकरात नेमकी किती उतरते, हा वेगळा प्रश्न.

एफ-वनमुळे जानेवारीतल्या स्पर्धांना जीव आला, यात शंका नाही. दोन माशांऐवजी तीस-चाळीस मासे लागू लागले, चिठ्ठीचा जाच कमी झाला, नाजूक हाताच्या कसबाला वाव मिळाला. आक्षेप दोन बाजूंनी येतात. पहिला खेळातून : सगळी तळी एकाच माशाची आणि एकाच पद्धतीची होत चालली आहेत, आणि नद्या-कालव्यांवर गरवण्याचं ज्ञान लोप पावतं आहे. दुसरा निसर्गरक्षकांचा : असे संकरित मासे पुरात वाहून खुल्या पाण्यात गेले, तर आधीच घटलेल्या क्रुशियनचा शुद्ध वंश धोक्यात येतो. म्हणूनच मासे सोडायला पर्यावरण संस्थेची परवानगी लागते आणि संकरित मासे बंदिस्त पाण्यापुरतेच ठेवले जातात. यात एक नवी भर पडली ती २०१७ साली. जनुकीय अभ्यासातून असं दिसलं की क्रुशियनही इंग्लंडचा मूळचा नसून मध्ययुगातच आणला गेला असावा. तरी त्याच्या संवर्धनाचे प्रकल्प थांबलेले नाहीत, आणि थांबू नयेत असं मलाही वाटतं. युरोपात इतरत्रही तो मागे हटतो आहे.

जाळी, हात आणि हवा

स्पर्धेत पकडलेला मासा शेवटच्या वजनापर्यंत कीपनेटमध्ये राहतो. नियमाप्रमाणे ही जाळी बिनगाठीची, निदान दोन मीटर लांब, ठरावीक घेराच्या कड्यांची असावी लागते. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने नेहमीच्या पद्धतीने होणाऱ्या मासेमारीला आपल्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. २०२२ च्या कायद्याने मात्र माशांसह सर्व पृष्ठवंशीयांना संवेदनशील जीव मानलं. या दोन कायद्यांमधल्या जागेत आजची चर्चा चालू आहे.

मुळाशी वेदनेचा प्रश्न आहे. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउटच्या ओठांत दाहक द्रव्य टोचून त्यांच्या वागण्यातले बदल नोंदवले आणि माशांना वेदना होते असा निष्कर्ष काढला. जेम्स रोझ आणि नंतर ब्रायन की यांनी तो नाकारला. ज्या मेंदू-रचनांवर वेदनेची जाणीव अवलंबून असते त्या माशांत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रीय कल गेल्या वीस वर्षांत पहिल्या बाजूला झुकला आहे, तरी वाद बंद झालेला नाही. जर्मनीत केवळ स्पर्धेसाठी मासे धरणं कायद्याला धरून नाही असं मानलं जातं. इंग्लंड त्या वाटेने गेलेलं नाही.

हिवाळ्यापुरतं बोलायचं तर काही गोष्टी माशाच्या बाजूने आहेत. ५ अंशांच्या पाण्यात २० अंशांच्या तुलनेत जवळजवळ दीडपट प्राणवायू विरघळतो, त्यामुळे उन्हाळ्यात जाळीत होणारी घुसमट थंडीत सहसा होत नाही. जाळीत मासेही कमी असतात. गोड्या पाण्यातल्या माशांवरच्या ताणाचा अभ्यास करणारे टॉम पॉटिंजर यांनी १९९८ साली कार्पच्या रक्तातल्या कॉर्टिसॉलचं मापन प्रसिद्ध केलं. पकडल्यामुळे ताण येतो, पण जाळीत ठेवल्याने सावरण्यात फार मोठी आडकाठी येत नाही, असा त्याचा रोख होता. स्पर्धक हा दाखला नेहमी देतात.

काही गोष्टी विरुद्ध आहेत. थंडीत माशाची प्रतिकारशक्ती मंदावते, ओरखडा भरायला वेळ लागतो, निघालेल्या खवल्याच्या जागी बुरशी धरते. शून्याखालच्या हवेत वजनाच्या ओल्या झोळीत काढलेली दोन मिनिटं उन्हाळ्यातल्या दोन मिनिटांसारखी नसतात. कल्ल्यांची नाजूक पटलं गोठू शकतात. हवेचं तापमान शून्याखाली असेल तर मासा पाण्याबाहेर न काढता, किंवा काठावरच लगेच वजन करून सोडावा, ही मागणी मला अगदी वाजवी वाटते आणि ती मानायला फारसं काही लागत नाही. बर्फ फोडून स्पर्धा घ्यावी का, हा यातलाच उपप्रश्न. बोटीने बर्फ फोडल्याने मासे बिथरतात हे उघड आहे. त्या धावपळीत हिवाळ्यासाठी साठवलेली किती शक्ती खर्च होते, हे कोणी मोजलेलं नाही. काही तळी बर्फ असेल तर स्पर्धाच रद्द करतात, काही आदल्या रात्रीपासून पंप चालू ठेवून बर्फ धरूच देत नाहीत.

अजून उघडे असलेले धागे

पाणकावळ्यांच्या जोडीला आता पाणमांजरही आहे. कीटकनाशकांमुळे इंग्लंडच्या मोठ्या भागातून नाहीसा झालेला हा प्राणी परतला, याचा आनंद गरवणाऱ्यांपैकीही अनेकांना आहे. पण थंडीत मंदावलेला मोठा कार्प त्याच्या सहज तोंडी लागतो. तळ्यांना कुंपण घालणं हा उपाय मोठ्या तळ्यांना परवडतो, लहान क्लबांना नाही. खर्च कोणी उचलावा, यावर मालक, क्लब आणि सरकार यांच्यात एकवाक्यता नाही.

हवामान हा दुसरा धागा. डिसेंबर २०१० हा ब्रिटनमधला शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर होता. अनेक तळी आठवडेच्या आठवडे गोठली आणि लीग रखडल्या. त्यानंतरचे बरेचसे हिवाळे सौम्य गेले. सौम्य हिवाळ्यात कार्प अधिक खातो, तेव्हा स्पर्धकांना ते बरंच वाटतं. पण सरासरी वाढली तरी चढउतार कमी झालेले नाहीत. ११ अंशांवर खात असलेला, थंडीशी अजून जुळवून न घेतलेला कार्प एका आठवड्यात ४ अंशांवर आला, तर त्याचं काय होतं, हे लिव्हरपूलच्या प्रयोगांनी सुचवलेलं पण तळ्यावर कधीच न तपासलेलं कोडं आहे. ते तपासायला महागडी साधनं लागणार नाहीत. प्रत्येक तळ्यावर रोजच्या तापमानाची नोंद, आणि स्पर्धेच्या निकालपत्रात पेग व वजनाच्या शेजारी पाण्याचं तापमान, वाऱ्याची दिशा आणि न लागलेल्या पेगांचे आकडे, एवढं चार-पाच हंगाम सातत्याने लिहिलं गेलं तरी चारा आणि चिठ्ठी या दोन्ही वादांना पहिल्यांदाच ठोस आधार मिळेल. काही तळी तापमान लिहितात, काही पेगवार वजनं जपतात. दोन्ही एकत्र ठेवण्याची प्रथा अजून पडलेली नाही.